वस्तीतली पाळणाघरे पुरेशी आहेत का, हे कसे ओळखावे?

दुपारी एकच्या सुमारास एखाद्या अंगणवाडीच्या दारात थोडा वेळ उभे राहून पाहावे. खिचडीच्या ताटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या असतात, मदतनीस ताई चटया गुंडाळत असतात, आणि पायरीवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी दप्तर पाठीला लावून धाकट्या भावाची वाट पाहत बसलेली असते. ती शाळेच्या मधल्या सुट्टीत आलेली असते आणि बहुधा त्या दिवशी परत वर्गात जाणार नसते. नोंदीत सगळे व्यवस्थित आहे: वस्तीत अंगणवाडी आहे, मुलाचे नाव पटावर आहे, त्याची हजेरी लागली आहे, त्याने पोषण आहार घेतला आहे. त्याची आई मात्र संध्याकाळी सहाला कामावरून येणार आहे, आणि एक ते सहा हे पाच तास त्या मुलीने स्वतःच्या शाळेतून काढून दिलेले आहेत.

आपल्या वॉर्डात किंवा गावात लहान मुलांच्या सांभाळाची सोय पुरेशी आहे का, हा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा केंद्रांच्या संख्येत मिळते. इतक्या अंगणवाड्या, इतकी पाळणाघरे, इतकी मुले. ही संख्या लागतेच, पण तिच्यावर थांबले की पायरीवरची ती मुलगी दिसत नाही. म्हणून या लेखात ही मोजणी कशी करावी, तिच्यात चूक कुठे होते आणि पालकांना नेमके काय विचारावे, हे सविस्तर सांगायचे आहे. बचत गट, ग्रामपंचायत सदस्य, सोसायटीची समिती किंवा एखाद्या वस्तीत काम करणारी संस्था यांना हे काम महिनाभरात करता येते, आणि त्यासाठी वही, पेन्सिल आणि चार-पाच चिकाटीची माणसे पुरतात.

आधी मुले किती, हे ठरवावे

पहिली अडचण इथेच येते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ० ते ६ वयाच्या मुलांचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १२ टक्के होते आणि अजूनही अनेक जण तोच आकडा गुणून मोकळे होतात. पण जनगणनेतला ० ते ६ हा गट प्रत्यक्षात सात वर्षांचा असतो, कारण त्यात सहा वर्षे पूर्ण झालेली मुलेही धरलेली असतात. शिवाय त्यानंतर जन्मदर बराच उतरला आहे. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये राज्याचा जन्मदर दर हजारी १५ होता. त्या हिशेबाने दहा हजार वस्तीच्या भागात वर्षाला साधारण १५० बाळे जन्मतात, म्हणजे सहा वर्षांखालील मुले सुमारे ९०० होतात.

हा झाला अंदाज. तो खरा मानण्याआधी गावच्या जन्मनोंदवहीशी ताडून पाहावासा वाटतो आणि तिथे आपल्याकडची एक रीत आडवी येते. पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि जन्माची नोंद जिथे बाळ जन्मले तिथे होते. त्यामुळे सासरच्या गावात वाढणारे बाळ त्या गावच्या नोंदवहीत नसते, आणि तालुक्याच्या रुग्णालयात झालेली बाळंतपणे तालुक्याच्याच नावावर चढतात. त्यापेक्षा अंगणवाडी सेविकांच्या कुटुंब सर्वेक्षणाची नोंद आणि आशाताईंची लसीकरणाची यादी या दोन गोष्टी शेजारी ठेवून नावानिशी जुळवून घेतल्या, तर जवळपास खरी यादी हाती लागते. भाड्याच्या खोल्या, वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे आणि पाले या यादीतून सुटतात. तिथे पायी जाऊनच मोजावे लागते.

एकाच आकड्यात दोन वेगळ्या गरजा

आता त्या ९०० मुलांचे वयानुसार भाग पाडावेत, कारण सगळ्यात मोठी फट वयातच सापडते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या निकषानुसार साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीला एक अंगणवाडी असते. दहा हजार वस्तीला बारा-तेरा अंगणवाड्या येतात. तीन ते सहा वर्षांची मुले सुमारे ४५०, म्हणजे एका अंगणवाडीत पस्तीस-छत्तीस. कागदावर हा हिशेब चांगला जुळतो.

तीन वर्षांखालील मुलांचे मात्र तसे नाही. त्यांच्यासाठी अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो, वजन घेतले जाते, लसीकरणाची आठवण केली जाते. पण त्यांना दिवसभर ठेवून घेण्याची सोय साध्या अंगणवाडीत नसते. दुसरीकडे, प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची आहे, तीही ज्या बाईला कायद्याचे संरक्षण पोहोचते तिलाच. सहा महिन्यांचे बाळ घेऊन आई कामावर परतते आणि अंगणवाडीचा वर्ग तिसऱ्या वर्षी उघडतो. मधली अडीच वर्षे. आपल्या उदाहरणातल्या भागात या वयाची मुले सुमारे ३७५ आहेत. त्यातली निम्मी मुले घरच्या माणसांजवळ नीट राहतात असे धरले, तरी उरलेल्यांसाठी किती जागा आहेत, हा प्रश्न विचारल्यावर बैठकीत शांतता पसरते. माझ्या मते कोणत्याही स्थानिक मोजणीत सर्वांत आधी हीच अडीच वर्षे तपासावीत.

या वयासाठी सरकारी सोय अजिबात नाही असे नाही. पूर्वीची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना पुढे राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली आणि आता ती केंद्र सरकारच्या ‘मिशन शक्ती’ या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली ‘पाळणा’ या नावाने चालते. तिच्यात सहा महिने ते सहा वर्षे वयाची मुले घेतली जातात आणि देशभर १७,००० अंगणवाडी-पाळणाघरे उभी करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत एका पाळणाघरात २५ मुले, महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे साडेसात तास असे प्रमाण होते. त्या मापाने मोजले, तर केवळ शंभर मुलांसाठी चार पाळणाघरे लागतात. आपल्या भागात अशी किती आहेत, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारता येते.

मालकांची जबाबदारी याच टप्प्यावर तपासावी. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यावे, असे २०१७ च्या दुरुस्तीने ठरवले. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यासाठी पाळणाघराची तरतूद होती. आपल्या भागातल्या स्त्रिया कोणकोणत्या आस्थापनांत जातात, याची यादी करून तिथे पाळणाघर आहे का आणि ते वापरात आहे का, हे त्या स्त्रियांनाच विचारावे. कुलूप लावलेली, कोपऱ्यात खोकी रचलेली खोली ही जागा म्हणून मोजू नये.

घड्याळ

सोय आहे की नाही, हे जागांवरून जितके कळते त्याहून अधिक तासांवरून कळते. त्यासाठी एक साधा तक्ता करावा. कागदाच्या एका कडेला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचे तास लिहावेत. पहिल्या रकान्यात वस्तीतल्या सोयी उघड्या असतात ते तास रंगवावेत आणि पुढच्या प्रत्येक रकान्यात एकेका आईच्या कामाचे तास, जाण्यायेण्याच्या वेळेसह.

चार घरची धुणीभांडी करणारी बाई सकाळी सातला निघते आणि दोनला परतते. औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारी बाई पहाटे साडेपाचला बस पकडते आणि दुपारी साडेचारपर्यंत घरी येते. पुढच्या आठवड्यात तिची दुसरी पाळी असते आणि ती मध्यरात्री घरी पोहोचते. कापड दुकानात उभी राहणारी मुलगी सकाळी दहाला जाते आणि रात्री नऊला दुकानाचे शटर ओढल्यावर निघते. खुरपणीला जाणारी सकाळी आठ ते दुपारी दोन. नर्सबाईंची रात्रपाळी. हे रकाने एकाशेजारी एक रंगवले की जे दिसते ते सांगायला वेगळ्या अहवालाची गरज उरत नाही: वस्तीची सोय बहुतेक ठिकाणी उशिरा सकाळी उघडून दुपारी मिटते, आणि रंगवलेल्या पट्ट्यांचा मोठा भाग तिच्या वर आणि खाली उघडा राहतो. अशा तक्त्याचा कागद भिंतीवर लावला की बायका स्वतः उठून त्यावर बोट ठेवतात आणि ‘इथं माझी सासू, इथं शेजारीण, इथं कोणीच नाही’ असे बोलू लागतात. तेच खरे सर्वेक्षण असते.

घड्याळाबरोबर कॅलेंडरही पाहावे. बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. अशा गावात जूनमध्ये मोजणी केली तर एक चित्र मिळते आणि जानेवारीत केली तर घरात उरलेल्या आज्या आणि त्यांच्याभोवतीची चार-चार नातवंडे दिसतात. त्याच जानेवारीत कारखान्याच्या पट्ट्यातल्या फडावर, जिथे गावच्या कोणत्याही यादीत नसलेली मुले कोप्यांबाहेर खेळत असतात, तिथे कोणी मोजायला गेलेले नसते. वर्षाची सरासरी काढली की ही दोन्ही चित्रे पुसली जातात. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांचेही तसेच आहे: शाळकरी मुलांची सोय शाळा चालू असताना करावी लागत नाही, म्हणून ती गरजच नाही असे वाटत राहते.

अंतर, पैसे आणि भरवसा

अंतराबद्दल आपल्याकडे फार जुना आणि फार मोलाचा अनुभव आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. पुढे कोसबाडला, गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालवली. पालकांची गरज कशी ओळखावी, याचा हा धडा मराठी माणसाला बाहेरून घेण्याची गरज नाही. मूल का येत नाही हे विचारत विचारत त्याच्या दारापर्यंत जायचे, एवढेच त्यात आहे. म्हणून नकाशावर अंतर सरळ रेषेत मोजू नये. मध्ये हायवे आहे का, नाला आहे का, पावसाळ्यात वाट राहते का, कडेवर बाळ आणि हातात डबा घेऊन किती मिनिटे लागतात, हे चालून पाहावे. आणि पाळणाघर घर आणि काम यांच्या वाटेवर आहे की उलट्या दिशेला, हेही लिहावे. उलट्या दिशेचा एक किलोमीटर रोज चार वेळा पडतो.

पैशांचा हिशेब बाईच्या हाती उरणाऱ्या रकमेवरून करावा. समजा तिला महिन्याला ११,००० रुपये मिळतात, घरगुती पाळणाघर ३,५०० रुपये घेते, दूध-बिस्किटे घरून द्यावी लागतात आणि रिक्षाला ८०० रुपये जातात. मग घरात प्रश्न येतोच, ‘एवढ्यासाठी कशाला जातेस?’ आणि तो नेहमी आईच्या पगाराकडे बोट दाखवून विचारला जातो. मूल दोघांचे असले तरी खर्च तिच्याच कमाईतून वजा होतो. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाकडून महिन्याला २० रुपये, १२,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांकडून १०० आणि त्यापुढे २०० रुपये घ्यायचे होते. घरगुती पाळणाघराचा दर आणि योजनेतला दर यांच्यात जी दरी आहे तिच्यातच बहुतेक कुटुंबे अडकलेली असतात. महिना ठरावीक भरावा लागतो, आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापले जात नाहीत, अनामत रक्कम मागितली जाते, या गोष्टीही लिहून घ्याव्यात, कारण रोजंदारीवरच्या बाईला दर परवडला तरी आगाऊ पैसे परवडत नाहीत.

आणि भरवसा. जागा रिकामी आहे, अंतर कमी आहे, दर परवडतो, तरीही आई मूल ठेवत नाही, असे दिसले तर तिला समजावायला धावू नये. आधी ती जागा स्वतः पाहावी. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वर्षांच्या वीस मुलांमागे एक सांभाळणारी असे प्रमाण आहे. माझ्या दृष्टीने एका बाईकडे दहा तान्ही मुले हीही फार होतात. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक व्यक्ती लागते. पण आपल्या भागातली पाळणाघरे किमान दहाच्या आत आहेत का, हे तरी कळावे. गॅसची शेगडी मुलांच्या खोलीत आहे का, दाराची कडी किती उंचावर आहे, पाण्याची बादली झाकलेली आहे का, न्यायला येणाऱ्या माणसाची नोंद होते का. हे पाहायला तज्ज्ञ लागत नाही. ज्या पाळणाघरात बाळ दुपारी शांत झोपते, तिथे शेजारच्या चार आया आपोआप चौकशी करतात.

काय विचारावे, आणि कधी

‘तुम्हाला पाळणाघर हवे आहे का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला एक तर सगळ्या हो म्हणतात, किंवा सासूबाई समोर बसलेल्या असल्या तर ‘घरात माणसं आहेत’ असे उत्तर येते. त्याऐवजी कालचा दिवस विचारावा. काल सकाळी सात वाजता बाळ कोणाजवळ होते? दहाला? दुपारी तीनला? संध्याकाळी? त्यानंतर: आजी मागे आजारी पडल्या तेव्हा काय केले? आणि शेवटी: मूल आहे म्हणून गेल्या वर्षभरात कोणते काम सोडावे लागले किंवा नाकारावे लागले? या तिसऱ्या प्रश्नाला बाई थोडा वेळ गप्प राहते. तिला तो कोणी विचारलेला नसतो.

या प्रश्नांतून दडलेली गरज बाहेर येते. आज जी मुले पाळणाघरात नाहीत त्यांच्या पालकांना ते नको आहे, असे धरून ‘मागणी नाही’ असा शेरा मारला जातो. प्रत्यक्षात गुडघे दुखणारी आजी, शाळा बुडवणारी बहीण, दाराला बाहेरून कडी लावून गेलेला बाप आणि घरी बसलेली पदवीधर आई या सगळ्यांनी मिळून ती मागणी पाठीवर घेतलेली असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, घरातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे आणि तेच करणारे पुरुष ७६ मिनिटे देतात असे आढळले. घरकामाची २९९ आणि ९७ मिनिटे याहून वेगळी. म्हणून बापालाही हेच प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. जवळच्या शाळेत जाऊन, ‘घरी लहान भावंड आहे म्हणून’ कोणत्या मुली वारंवार गैरहजर राहतात हे शिक्षकांना विचारावे. माझ्या मते त्या भागातल्या अपुऱ्या सोयीची ती सर्वांत प्रामाणिक नोंद असते.

वेळेचीही काळजी घ्यावी. पाहणी करणारे सकाळी अकराला येतात, तेव्हा ज्यांना पाळणाघराची सर्वांत जास्त गरज आहे त्या बायका कामावर असतात आणि घरी असलेल्यांची उत्तरे सगळ्या वस्तीची उत्तरे म्हणून लिहिली जातात. रविवारी संध्याकाळी किंवा बाजाराच्या दिवशी जावे. बांधकामावर कन्नड, तेलुगू, हिंदी बोलणारी कुटुंबे असतील तर त्यांच्यातलीच एखादी बाई बरोबर घ्यावी. अपंग मुलाच्या आईकडे मुद्दाम जावे. तिला अनेकदा दोन-तीन ठिकाणांहून नकार मिळालेला असतो आणि त्यानंतर तिने विचारणेच सोडलेले असते.

असे काम कोणी कायद्याने करते का, असा प्रश्न पडेल. इंग्लंडमध्ये २००६ च्या बालसंगोपन कायद्याने, नोकरी करणाऱ्या किंवा नोकरीसाठी शिकणाऱ्या पालकांच्या १४ वर्षांपर्यंतच्या आणि अपंग असल्यास १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, शक्य तितकी पुरेशी सोय असेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली आहे. त्यांनी दरवर्षी निवडून आलेल्या प्रतिनिधींना त्याचा अहवाल द्यावा आणि तो पालकांना पाहता यावा, असे तिथले मार्गदर्शन सांगते. ‘शक्य तितकी’ या शब्दांत पळवाट आहेच, आणि तिथल्या पालकांच्याही महागाईच्या व जागा न मिळण्याच्या तक्रारी आहेत. तरी अहवाल द्यावाच लागतो म्हणून फट कुठे आहे ते लिहून तरी ठेवले जाते. आपल्याकडे तसा अहवाल मागणारा कोणी नसल्यामुळे तो लिहिणे हे काम वस्तीलाच करावे लागते.

लिहिताना तो मोठा करू नये. कोणत्या वयाची, कोणत्या तासांतली, कोणत्या गल्लीतली आणि कोणत्या दरातली सोय कमी आहे, हे चार-पाच वाक्यांत नेमके मांडावे. ‘आणखी पाळणाघरे द्या’ या मागणीला कोणतेही कार्यालय ‘निधी उपलब्ध नाही’ असे एका ओळीत उत्तर देऊ शकते. ‘स्टेशनमागच्या तीन चाळींत सहा महिने ते तीन वर्षांची ४१ मुले आहेत, त्यांतल्या २६ जणांच्या आया सकाळी सातच्या आत निघतात, आणि त्या वेळी उघडी असलेली एकही जागा दीड किलोमीटरच्या आत नाही’ अशा धर्तीचे वाक्य फाइलीत गेले की त्याला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते. कधी नवे पाळणाघर लागत नाही. आहे तेच पाळणाघर दोन तास लवकर उघडणे, त्यासाठी एका मदतनिसाचे जादा मानधन, किंवा समाजमंदिराची दुपारी रिकामी असणारी खोली एवढ्यावर भागते.

ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी लागते, आणि ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तो रंगवलेला तक्ता आणि ती चार-पाच वाक्ये तिथे वाचून दाखवावीत, ठरावात जशीच्या तशी घालून घ्यावीत आणि ठरावाची प्रत बालविकास प्रकल्प कार्यालयात पोच घेऊन द्यावी. शहरात हेच नगरसेवकाकडे आणि वॉर्ड कार्यालयात द्यावे. त्याच दिवशी पुढच्या मोजणीची तारीख वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावी, आणि गाव ऊसतोडीचे असेल तर ती जानेवारीतलीच असावी.